डीएनएसचं भगदाड, जुलै २००८: सांगायचं कुणाला, कधी आणि किती?

गोदाकाठ (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:१०

गेल्या आठवड्यात इथल्या एका धाग्यावर 'बग सापडला की सरळ चव्हाट्यावर टाकावा, मगच कंपन्या जाग्या होतात' असा सूर निघाला. तेव्हापासून डॅन कामिन्स्की या अमेरिकन सुरक्षा संशोधकाची आठवण मनात आहे. एप्रिल २०२१ मध्ये तो गेला, वय अवघं ४२. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं डीएनएसचं (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचं) प्रकरण मी एका छोट्या सर्व्हर रूममधून अनुभवलं आहे, म्हणून लिहितो.

२००८ साली मी नाशिक जिल्ह्यातल्या एका इंटरनेट कंपनीत सिस्टीम ॲडमिन होतो. केबलवाल्यांमार्फत घरोघरी कनेक्शन देणारी कंपनी. डीएनएस सर्व्हर दोन, दोन्हींवर बाइंड हा डीएनएसचा प्रोग्रॅम, आणि सांभाळायला मी एकटा. ८ जुलैला मंगळवार होता. महिन्याचा दुसरा मंगळवार म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पॅचचा, म्हणजे दुरुस्त्यांचा, दिवस, आपल्याकडे ते रात्री साडेदहाच्या सुमारास यायचे. त्या रात्री मायक्रोसॉफ्टबरोबर सिस्को, बाइंड बनवणारी आयएससी, लिनक्सवाल्या कंपन्या, सगळ्यांचे डीएनएसचे पॅच एका दमात आले. एरवी एकमेकांच्या गळ्याला हात घालणाऱ्यांनी एकाच दिवशी एकाच दुखण्यावर औषध काढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि दुखणं काय आहे ते कुणी सांगायला तयार नव्हतं. कामिन्स्कीचं म्हणणं एवढंच: पॅच लावा. तपशील ६ ऑगस्टला लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत सांगेन. तोवर कृपा करून जाहीर तर्कवितर्क करू नका.

दुसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं, रात्री दहा मिनिटं डीएनएस बंद ठेवून पॅच मारतो. त्यांनी विचारलं, "बिघडलंय काय?" मी म्हटलं, ते सांगितलेलं नाही. "मग चालू आहे त्याला हात कशाला लावायचा?"

मी वाद घातला नाही. मलाही खात्री नव्हती. पॅचमध्ये दिसत होतं ते एवढंच, की सर्व्हर आता प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या पोर्टवरून, म्हणजे वेगवेगळ्या क्रमांकाच्या खिडकीवरून, पाठवणार. डॅनियल बर्नस्टाइनच्या डीजेबीडीएनएस या दुसऱ्या डीएनएस प्रोग्रॅममध्ये हे कित्येक वर्षांपासून होतं. मेलिंग लिस्टवरचे भले भले म्हणत होते की यात नवीन काही नाही, परिषदेआधीची हवा आहे. मी त्यांच्या मागे लपलो.

पडद्यामागे काय झालं ते नंतर बाहेर आलं. २००८च्या सुरुवातीला कामिन्स्की दुसऱ्याच कशाच्या तरी मागे असताना त्याला हे सापडलं. त्याने पहिल्यांदा गाठलं पॉल व्हिक्सीला, म्हणजे ज्याच्या हाताखालून बाइंड वाढलं त्यालाच. ३१ मार्चला मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडच्या आवारात १६ जण जमले. त्यांनी ठरवलं, सगळ्यांनी एकाच दिवशी पॅच काढायचा. कारण बग एका कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये नव्हता, डीएनएसच्या रचनेतच होता. एकाने आधी काढला असता तर बाकीचे सगळे उघड्यावर पडले असते. तिथून ८ जुलैपर्यंत तीन महिन्यांहून जास्त काळ इतक्या कंपन्यांतल्या इतक्या माणसांनी तोंड बंद ठेवलं. मला आजही यातलं सगळ्यात अवघड काम हेच वाटतं.

पुढचं मात्र बिनसलं. २१ जुलैला हाल्वार फ्लेक या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन संशोधकाने आपला तर्क ब्लॉगवर मांडला, आणि तो बराचसा बरोबर निघाला. मॅटासानो नावाच्या सुरक्षा कंपनीला खरं काय ते आधीच विश्वासात घेऊन सांगितलेलं होतं. त्यांच्या ब्लॉगवर सगळा तपशील असलेला लेख चुकून प्रसिद्ध झाला. त्यांनी तो लगेच काढला, माफीही मागितली, पण तोवर त्याच्या प्रती सगळीकडे गेल्या होत्या. दोन दिवसांत मेटास्प्लॉइट या हल्ल्यांच्या चाचणीच्या साधनसंचात हल्ल्याचं तयार हत्यार आलं. कामिन्स्कीला ३० दिवस हवे होते, मिळाले १३. त्या दिवशी त्याने आपल्या ब्लॉगवर लिहिलं: १३ हे ०पेक्षा जास्त आहेत.

आमच्याकडे ते १३ दिवस मी वाया घालवले. पॅच मारला तो २२ जुलैच्या रात्री, मालकांना न विचारता.

तुमचं मत ऐकायचं आहे. विशेषतः ज्यांनी कधी असा बग कळवला आहे, किंवा ज्यांच्याकडे कुणी कळवला आहे, त्यांचं.

---

निरंजनी
रविवार, रात्री १०:०२

लेख आवडला, पण आमच्यासारख्यांना भगदाड नेमकं कुठे होतं ते समजलं नाही. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी वही, एवढंच ठाऊक आहे. त्या वहीत बाहेरचा माणूस लिहू कसा शकतो?

---

गोदाकाठ
रविवार, रात्री १०:४५

निरंजनीताई, सरकारी कचेरीतला पत्रव्यवहार डोळ्यांसमोर आणा. आमचा सर्व्हर म्हणजे कारकून. ग्राहकाने विचारलं, 'अमुक बँकेचा पत्ता काय?' कारकुनाला माहीत नसेल तर तो बँकेच्या नावांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या कचेरीला पत्र टाकतो आणि पत्रावर एक जावक क्रमांक घालतो. येणाऱ्या उत्तरावर तोच क्रमांक असेल तर उत्तर खरं. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही खोटा लिहू शकतो, त्यामुळे सगळी भिस्त त्या क्रमांकावर. आणि तो १६ बिटांचा, म्हणजे एकूण शक्यता फक्त ६५,५३६.

चोराने खऱ्या उत्तराच्या आधी अंदाजपंचे क्रमांक टाकलेली शेकडो खोटी उत्तरं पाठवली तर एखादं जुळू शकतं. हा धोका लोकांना आधीपासून माहीत होता. पण दिलासा असा, की चोर एकदा हरला की खरं उत्तर वहीत नोंदलं जातं आणि त्याची मुदत संपेपर्यंत, समजा एक दिवस, कारकून पुन्हा पत्रच टाकत नाही. म्हणजे चोराला दिवसाकाठी एकच संधी.

कामिन्स्कीने हा दिलासाच काढून घेतला. चोराने बँकेचा पत्ता विचारायचाच नाही. बँकेच्या नावाखालच्या, अस्तित्वातच नसलेल्या शाखा विचारायच्या: शाखा १, शाखा २, शाखा ३. यातलं कुठलंच नाव वहीत नाही, त्यामुळे दर वेळी नवं पत्र, नवा क्रमांक, नवी शर्यत. थांबायचं कारणच नाही. आणि खोट्या उत्तरात लिहायचं, 'शाखा ८३ची माहिती मुख्य कचेरीत मिळेल, आणि मुख्य कचेरीचा पत्ता हा.' तो पत्ता चोराचा. माहिती त्याच बँकेच्या नावाखालची असल्यामुळे कारकून ती निमूट नोंदवून घेतो. एखादी शर्यत जिंकली की अख्खी बँक चोराच्या हातात. हे सगळं साधारण दहा सेकंदांत जमत होतं.

पॅचने काय केलं? आधी कारकून बहुतेक वेळा एकाच खिडकीवर (पोर्टवर) उत्तराची वाट बघायचा. आता प्रत्येक पत्राला वेगळी खिडकी. चोराला क्रमांकही ओळखायचा आणि खिडकीही. ६५,५३६ शक्यतांच्या जागी चारशे कोटींहून जास्त झाल्या.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. सहसा पॅच उघडून बघितला की भगदाड कुठे होतं ते कळतं. जिथे ठिगळ, तिथे फाटलेलं. कामिन्स्की आणि मंडळींनी असं औषध निवडलं की ते या रोगावरही चालेल आणि याच घराण्यातल्या इतर रोगांवरही, त्यामुळे औषधावरून रोग ओळखता येऊ नये. खोट्या शाखांची युक्ती पॅचमध्ये कुठेच दिसत नव्हती. 'यात नवीन काही नाही' असं जाणकार म्हणत राहिले त्याचं कारणही हेच. त्या तेरा दिवसांचं श्रेय लोकांच्या मौनाइतकंच या निवडीला आहे.

---

आजरा_घनसाळ
सोमवार, सकाळी ७:३५

मागच्या धाग्यावर तो सूर लावणारा मीच, म्हणून उत्तर देतो.

तुमच्याच लेखात माझा मुद्दा आहे. तुमच्या मालकांनी विचारलं 'बिघडलंय काय', आणि तुमच्याकडे उत्तर नव्हतं. ९ तारखेलाच 'दहा सेकंदांत कुठल्याही बँकेचा पत्ता बदलता येतो' असं सांगता आलं असतं तर त्याच रात्री पॅच लागला असता. गुपिताने तुमचे हात बांधले. शिवाय एका हुशार माणसाने नुसत्या तर्काने ते शोधून दाखवलंच. पैशासाठी शोधणारे शांत बसले होते हे कशावरून?

दुसरं, आधी कंपनीला कळवून मुदत द्यायच्या या पद्धतीला 'जबाबदार' प्रकटीकरण म्हणतात, त्यातल्या 'जबाबदार' या शब्दालाच माझी हरकत आहे. ज्याने रात्री जागून चूक शोधली त्याच्यावर जबाबदारी, आणि ज्याने चूक करून ठेवली तो मोकळा? १९९३ साली बगट्रॅक ही मेलिंग लिस्ट निघाली ती याच रागातून. लोक कळवायचे, कंपन्या महिनोन्महिने दाबून ठेवायच्या, आणि तोवर वापरणारे अंधारात. चव्हाट्यावर यायला लागलं तेव्हा कुठे कंपन्यांनी सुरक्षेसाठी माणसं नेमली.

---

गोदाकाठ
सोमवार, दुपारी १:१५

तुमचा राग खोटा नाही. पण जाहीर केलं असतं तर आमचा पॅच ९ तारखेला लागला असता हे मला पटत नाही. रेडमंडच्या बैठकीआधीच कुणी तपशील टाकला असता तर लावायला पॅचच नव्हता. मालकांना भीती घालून मी काय करणार होतो, कंपनी बंद?

आणि २२ तारखेला प्रत्यक्ष काय झालं तेही सांगतो. पॅच मारला, सर्व्हर रीस्टार्ट केला, डीएनएस-ओएआरसी या डीएनएस चालवणाऱ्यांच्या संस्थेच्या चाचणीवर बघितलं तर निकाल तसाच वाईट. तासभर डोकं धरून बसल्यावर सापडलं: आमच्या कॉन्फिग फाईलमध्ये कुणीतरी पूर्वी प्रश्न पाठवायचं पोर्ट ५३वर कायमचं बांधून ठेवलं होतं. फायरवॉलची सोय म्हणून. ती ओळ असेपर्यंत पॅच असून नसल्यासारखा. ओळ काढली, एक सर्व्हर सुधारला. दुसरा फायरवॉलच्या मागे होता, आणि फायरवॉल पत्ता बदलताना पोर्ट पुन्हा ओळीने लावून देत होता. आत इतकी मेहनत करून वेगवेगळ्या खिडक्या उघडायच्या, आणि दारावरच्याने सगळ्यांना रांगेत उभं करायचं. तो सर्व्हर शेवटी फायरवॉलबाहेर काढावा लागला. तोवर पहाटेचे चार वाजले.

मोठ्यांचे प्रश्न वेगळे. बाइंडच्या पहिल्या पॅचवर फार गर्दीचे सर्व्हर दमायला लागले, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरा आला. ॲपलचा पॅच ३१ जुलैला आला. त्याच सुमारास एटीअँडटीच्या टेक्सासमधल्या एका डीएनएस सर्व्हरमध्ये खोट्या नोंदी घुसल्या आणि गूगल उघडणाऱ्यांना भलतंच पान दिसायला लागलं. ज्यांना हा फटका बसला त्यांत मेटास्प्लॉइट बनवणाऱ्या एचडी मूरची कंपनीही होती.

म्हणजे पॅच आला तो दिवस आणि पॅच खरोखर लागला तो दिवस, यात माझ्यासारख्यांची एक रात्र जाते, मोठ्या कंपन्यांचे आठवडे जातात. ती मुदत मागायचा कामिन्स्कीला हक्क होता असं मला वाटतं, कारण त्याने तारीखही दिली होती. ६ ऑगस्टला सगळं सांगणार. तारीख नसलेलं गुपित मी पाळणार नाही, तिथे मी तुमच्या बाजूने.

---

दूरदेशी
सोमवार, रात्री ११:५०

डब्लिनहून लिहिते आहे. माझं रोजचं कामच बाहेरून आलेले असे अहवाल वाचायचं, म्हणून राहवलं नाही.

शब्दाबद्दल आजरा_घनसाळ यांचं म्हणणं या क्षेत्राने बऱ्याच अंशी मान्य केलं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१० साली 'जबाबदार' हा शब्द सोडून 'समन्वित' धरला. बग कळवल्यापासून तो जाहीर करेपर्यंतच्या मुदतींचंही तसंच. अमेरिकेतल्या सर्ट समन्वय केंद्राची ४५ दिवसांची मुदत जुनी आहे. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या बग शोधणाऱ्या गटाने २०१४ पासून ९० दिवस धरले, आणि २०२१ मध्ये भर घातली की ९० दिवसांत पॅच आला तर तो लोकांपर्यंत पोचायला आणखी ३० दिवस तपशील थांबवू. तुमची ती पहाटे चारची रात्र या ३० दिवसांत बसते.

'ठिगळावरून फाटलेलं कळतं' याचं उदाहरण, कामिन्स्कीच्या अगदी उलट, म्हणजे मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले बग. १ जून २०१७ला प्रोजेक्ट झीरोने इंटेल, एएमडी आणि एआरएमला कळवलं. जाहीर करायची तारीख ठरली ९ जानेवारी २०१८. सात महिन्यांहून जास्त. पण लिनक्सचं काम उघड्यावर चालतं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्मृतीची मांडणीच बदलणारे मोठे बदल घाईघाईने आत जाताना लोकांना दिसत होते. डिसेंबरच्या शेवटी एएमडीच्या एका अभियंत्याने लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं की आमच्या प्रोसेसरना हा बदल नको, आणि का नको तेही लिहिलं. त्या एका कारणावरून जाणकारांनी बाकीचं जुळवलं. ३ जानेवारीलाच सगळं बाहेर आलं.

त्या सात महिन्यांत कुणाला सांगितलं आणि कुणाला नाही, हा माझा खरा सल आहे. मोठ्या क्लाउड कंपन्यांना माहीत होतं. काही छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना बातम्यांतून कळलं. अमेरिकी सरकारच्या यूएस-सर्ट या संगणक सुरक्षा संस्थेलाही आधी सांगितलं नव्हतं, हे कंपन्यांनी पुढे संसदेला पत्रांतून कळवलं. २००८ मध्ये १६ जणांच्या बैठकीत कोण असावं हे मोजक्या माणसांनी विश्वासावर ठरवलं आणि ते निभावलं. पण दर वेळी ते दार कुणी उघडायचं? नाशिकच्या गोदाकाठ यांना त्या खोलीत कधीच जागा मिळणार नव्हती. त्यांच्या वाट्याला फक्त 'आमच्यावर विश्वास ठेवा' आलं.

---

माणदेशी
मंगळवार, सकाळी ८:२०

तुमच्या गप्पा मोठ्या आहेत. माझी गोष्ट गावातली आहे, पण मला सल्ला हवा आहे.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेने ॲप काढलं. हप्ता भरला की पावतीची लिंक येते. माझ्या पावतीच्या लिंकमध्ये शेवटी आकडा आहे. चुकून एक आकडा वेगळा टाइप झाला तर दुसऱ्याच माणसाची पावती उघडली. नाव, खातं, मोबाईल, कर्जाची बाकी, सगळं. लॉगिन लागतच नाही. मी शाखेत जाऊन व्यवस्थापकांना दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्याचं खातं उघडलंस म्हणजे गुन्हा केलास. पोलिसात देऊ का?" तीन आठवडे झाले, लिंक तशीच उघडी आहे. माझ्या आईचंही खातं तिथेच आहे. रात्री झोप येत नाही. फेसबुकवर टाकून देऊ का?

---

आजरा_घनसाळ
मंगळवार, सकाळी ९:०५

माणदेशी, नको. मी सांगतोय म्हणून ऐका. हे मोठ्या कंपनीला जागं करणं नाही. ती लिंक फेसबुकवर गेली तर संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येकाची कर्जाची बाकी चावडीवर येईल. त्यात तुमच्या आईचीही.

---

ॲड_सातपुडा
मंगळवार, सकाळी ११:४०

कायद्याचं सांगते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३: मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश, माहिती उतरवून घेणं, प्रती काढणं. यात भरपाई मागता येते. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे हेतू महत्त्वाचा, आणि हेतू दिसतो तो तुमच्या वागण्यातून. चुकून एक पावती उघडली आणि लगेच शाखेत जाऊन सांगितलं, हे वागणं तुमच्या बाजूचं आहे. पण चांगल्या हेतूने बग शोधणाऱ्याला संरक्षण देणारं वेगळं कलम या कायद्यात नाही. म्हणून यापुढे एकही आकडा बदलून बघू नका, 'अजून उघडी आहे का' हे तपासायलासुद्धा नाही. दुसऱ्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट असेल तर तो कुणालाही पाठवू नका. व्यवस्थापकांशी तोंडी बोलणं बंद, जे काय ते लेखी.

---

दूरदेशी
मंगळवार, दुपारी ४:३०

माणदेशी, तोंडी सांगितलेल्याचा पुरावा राहत नाही, आणि व्यवस्थापकांना ती स्वतःवरची तक्रार वाटली असणार. कागद लिहा. माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत जे चांगले असतात ते पानभरच असतात: काय दिसलं, कुठल्या तारखेला, कोणत्या पायऱ्यांनी दिसलं, कुणाचं काय नुकसान होऊ शकतं, आणि मी कुठे थांबलो. शेवटचं वाक्य विसरू नका. पैसे, नोकरी, बक्षीस यातलं काहीही मागू नका, खंडणीचा वास यायला एक शब्द पुरतो.

तोच कागद सर्ट-इनकडे पाठवा. केंद्र सरकारची ही संस्था याच कायद्याच्या कलम ७०ब खाली आहे आणि असे बग कळवायची रीत तिच्या संकेतस्थळावर दिलेली आहे. तुमचं नाव पतसंस्थेला कळू नये असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा. शिवाय ॲप पतसंस्थेने स्वतः बनवलेलं नसणार. ॲपच्या पानावर बनवणाऱ्या कंपनीचा ईमेल असतो, तिथेही प्रत द्या. हेच ॲप आणखी दहा पतसंस्थांना विकलेलं असू शकतं. म्हणजे तुमच्या हातात आहे ते एका शाखेपुरतं नाही.

---

निरंजनी
मंगळवार, रात्री ९:१५

कागद मराठीत लिहून द्यायला मी मदत करते. व्यवस्थापकांना वाचून राग न येता काम करावंसं वाटलं पाहिजे. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

माणदेशी
दोन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ६:५०

निरंजनीताईंनी कागद लिहून दिला, दीड पान झाला. तिन्हीकडे एकाच दिवशी पाठवला. सर्ट-इनकडून पोच आली, क्रमांकासकट. ॲपवाल्या कंपनीतून चौथ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. तिने व्यवस्थित ऐकून घेतलं, माझ्या पायऱ्या पुन्हा विचारल्या आणि विचारलं, "हे अजून कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, शाखेला आणि सरकारला, बाकी कुणाला नाही. दुरुस्तीला किती दिवस लागतील असं मी विचारलं, तर तिने तारीख दिली. काल ती तारीख होती. आज माझ्याच पावतीची लिंक उघडली, तर मोबाईलवर ओटीपी मागितला.

दुसरा आकडा टाकून पाहिला नाही.

शाखेतून अजून काही उत्तर नाही. सोमवारी हप्ता भरायला जायचं आहे.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ८:०५

माणदेशी, व्यवस्थापकांना त्या कागदाची एक छापील प्रत द्या आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. आणि त्या मुलीला फोन करून विचारा, बाकीच्या पतसंस्थांकडे हा बदल पोचला का. माझा दुसरा सर्व्हरही पॅच मारल्यावर फायरवॉलमागे उघडाच राहिला होता.